लोखंडी हाताला तेल कोण घालतं?

तुमच्या घरात दहावी-बारावीतलं कुणी असेल, तर त्याच्या मोबाईलवर काय काय वाचलं जातं ते एकदा विचारून बघा. विचारून हं, चोरून नाही! जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, त्यात सापडण्याची शक्यता बरीच आहे. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, चित्रं बहुतेक काळी-पांढरी. त्यातल्या एका प्रकारात तर उद्ध्वस्त शहरं, क्रूर सरकारं, राक्षस आणि तलवारी यांचीच गर्दी असते. अशा कथांत कुणाचा ना कुणाचा हात तुटतो, डोळा जातो, पाय जातो.

हे तुटलेले हातपाय मी फार लक्ष देऊन वाचते, कारण माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मी १९ वर्षांची असताना बडोद्याबाहेर हायवेवर अपघात झाला. त्याला आता २२ वर्षं झाली. पायाला जयपूर फूट असतो आणि वर सलवार, त्यामुळे रस्त्यावर कुणाला कळतही नाही.

या कथांबद्दल मला दोन मतं ऐकू येतात. आईबाबा म्हणतात, ‘किती ती मारामारी!’ मुलं म्हणतात, ‘पण हिरोचा हात लोखंडी आहे, किती भारी!’ मला दोघांशीही बोलायचंय.

मारामारी आहेच, आणि यातल्या बऱ्याच मालिका लहान मुलांच्या हाती देण्यासारख्या नाहीत. पण हात तुटतो त्या पानावर मी फार थांबत नाही. मी पुढची पानं शोधते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस उठला कसा? शर्टाची बटणं कुणी लावली? नवा हात कुणी बनवला, पैसे कुणी दिले, बिघडला तर दुरुस्त कोण करतं? याची उत्तरं असतील, तर त्या कथेत खरोखर अपंग माणूस आहे. नसतील, तर नुसताच भारी दिसणारा लोखंडी हात आहे.

(पुढे काही कथांचे शेवट येणार आहेत. वाचायच्या राहिल्या असतील तर सांभाळून!)

४८ अवयवांची गोष्ट

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करू. जपानमध्ये ओसामू तेझुका नावाचे फार मोठे चित्रकथाकार होऊन गेले. त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं. १९६७ मध्ये त्यांनी ‘दोरोरो’ ही मालिका सुरू केली. काळ जपानमधल्या यादवी युद्धांचा. एक सरदार सत्तेसाठी ४८ राक्षसांशी करार करतो आणि जन्माला येणाऱ्या मुलाचे ४८ अवयव त्यांना देऊन टाकतो. ते मूल नदीत सोडलं जातं. एक वैद्य त्याला वाचवतो आणि त्याच्यासाठी कृत्रिम अवयव तयार करतो. मुलगा मोठा होतो, त्याच्या कृत्रिम हातांत तलवारी लपवलेल्या असतात. तो एकेक राक्षस मारतो आणि एकेक अवयव परत मिळवतो.

गोष्ट विलक्षण आहे, मला आवडते. पण तिच्यात दोन कल्पना आहेत आणि त्या पुढे अशा कथांत पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली म्हणजे कृत्रिम अवयव हे शस्त्र. दुसरी म्हणजे बक्षीस एकच, शरीर पुन्हा ‘पूर्ण’ होणं.

माझ्या पायात तलवार नाही. माझा भाचा सात वर्षांचा असताना त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं, ‘मावशी, तुझ्या पायातून काहीच का निघत नाही?’ मी म्हटलं, ‘निघतो ना, घामाने भिजलेला मोजा निघतो.’ तो फारच निराश झाला.

आणि बक्षीस म्हणाल, तर माझा पाय परत येणार नाही. मग माझी गोष्ट अपुरीच म्हणायची का? प्रश्न विनोदी वाटेल, पण पाय गमावल्यानंतर पहिली काही वर्षं माणूस खरंच हे स्वतःला विचारत असतो.

विनरीचा विसरलेला स्क्रू

म्हणूनच हिरोमू आराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मालिका मला फार जवळची आहे. ती २००१ ते २०१० या काळात चालली, तिचे २७ खंड आहेत. देश काल्पनिक, पण कारभार लष्कराचा. एका आख्ख्या समाजाची कत्तल या लष्कराने केलेली आहे आणि पुढे कळतं की सगळ्या देशाचाच बळी देण्याची तयारी चालू आहे.

एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. त्यात एडवर्डचा डावा पाय जातो आणि धाकट्याचं सगळं शरीरच जातं. धाकट्याचा आत्मा एका चिलखतात बांधण्यासाठी एडवर्ड आपला उजवा हातही देतो. मग त्याला धातूचा हात आणि पाय बसवले जातात.

इथवर सगळं नेहमीचंच. आता पुढची पानं बघा. हे हातपाय बनवते त्याची बालमैत्रीण विनरी आणि तिची आजी. मज्जातंतूंना धातू जोडताना प्रचंड वेदना होतात. सरावाला साधारण तीन वर्षं लागतात, असं आजी सांगते. एडवर्ड वाढत्या वयाचा, म्हणून पायाची लांबी बदलावी लागते. लढाईत हात मोडला की त्याला मुकाट्याने गावी परतावं लागतं. तिथे विनरी रात्रंदिवस जागून काम करते आणि तोवर हा साध्या पायावर बसून असतो. एकदा विनरी एक स्क्रू लावायला विसरते आणि नेमक्या वेळी हात दगा देतो! पुढे तो बर्फाळ प्रदेशात जातो, तेव्हा तिथली डॉक्टर त्याला झापते. हा धातू या थंडीत चालणार नाही, जोडलेलं मांस गोठेल, असं सांगते. मग थंडीसाठी वेगळा हात लागतो.

हे वाचताना मला माझा सॉकेट आठवतो. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा. बडोद्याच्या मे महिन्यात त्यात घाम साचतो, त्वचा सोलवटते. दिवसभरात पायाचा आकार बदलतो, म्हणून पर्समध्ये जादा मोजे ठेवावे लागतात. सैल झालं की एक मोजा चढवायचा, घट्ट झालं की उतरवायचा. काही वर्षांनी सॉकेटच बदलावा लागतो. लग्नाला जायचं असेल तर आधी विचार साडीचा नसतो, जिने किती आहेत याचा असतो.

विनरी आणि तिची आजी मला अनोळखी वाटत नाहीत, त्याचंही कारण आहे. जयपूर फूट तयार झाला तो १९६० च्या दशकात, डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या दोघांमुळे. सेठी अस्थिशल्यविशारद, तर शर्मा हाताने काम करणारे कारागीर. आपल्याकडे माणसं मांडी घालून बसतात, उकिडवी बसतात, शेतात चिखलात अनवाणी चालतात, मग पायही तसाच हवा, हे त्यांनी ओळखलं. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक पायामागे ठोकाठोक करणारा, घासणारा, ‘आता टोचतंय का?’ असं दहादा विचारणारा कुणीतरी असतो. चित्रकथेत तो माणूस दिसला की मला बरं वाटतं.

पैशांचा प्रश्नही या कथेत आहे. पानिन्या नावाच्या मुलीचे दोन्ही पाय अपघातात गेलेले असतात. एक कारागीर तिला धातूचे पाय बसवून देतो आणि पैसे घ्यायला नकार देतो. ते उपकार फेडण्यासाठी ती चक्क पाकीटमारी करत असते. फुकट मिळालेल्या पायाचं ओझं काय असतं, ते आराकावा यांना कळलंय.

सहा महिन्यांचा हट्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई घरी आल्या. ‘ताई, जरा माझ्या मुलाशी बोलता का?’ मुलगा १६ वर्षांचा, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. मी गेले, तर तो हीच मालिका वाचत होता. मला म्हणाला, ‘मावशी, एडवर्डने तीन वर्षांचं काम एका वर्षात केलं. मी सहा महिन्यांत करणार.’

आमच्याकडे कुणाचा पाय गेला की प्रत्येक नातेवाईक सुधा चंद्रन यांचं नाव घेतो. जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या, त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात काम त्यांनीच केलं, हे सगळं खरं आहे. पण अशा नावांचा एक धाक असतो. त्या मुलालाही तो असणार. त्याच्या भिंतीवर फक्त चित्र एडवर्डचं होतं.

त्याने पहिल्या आठवड्यापासूनच दिवसभर पाय घालायला सुरुवात केली. उत्तरायणला पतंग उडवायला गच्चीवर चढला, संध्याकाळपर्यंत उतरला नाही. आधी फोड आला. त्याने सांगितलं नाही. मग जखम झाली आणि डॉक्टरांनी दीड महिना पाय घालायचाच नाही असं बजावलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचा.

मी त्याला उपदेश केला नाही. त्याच्याच मोबाईलवर ती पानं काढून दिली. मोडलेला हात घेऊन आलेला एडवर्ड, जागरण करणारी विनरी, विसरलेला स्क्रू, बर्फातली डॉक्टर. त्याने ही पानं वाचली होती, पण मारामारीच्या घाईत भराभर सरकवली होती. स्क्रूपाशी तो हसला. ‘मावशी, माझाही स्क्रू ढिलाच आहे.’ पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही त्याची चिडचिड होते, कॉलेजात तो फुल पँटच घालतो. पण दुखलं की सांगतो. माझ्या मते हे कमी नाही.

‘एका वर्षात’ हे एक वाक्य आणि दुरुस्तीची ती पानं, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. आपण कोणती पानं लक्षात ठेवतो, त्याने फरक पडतो.

शेवटाबद्दलही सांगते. एडवर्डला त्याचा हात परत मिळतो, पण पाय धातूचाच राहतो आणि त्याला ती हार वाटत नाही. याच कथेत हॅव्हॉक नावाचा सैनिक आहे. मणक्याला इजा होऊन त्याचे पाय निकामी होतात. तो नोकरी सोडून घरच्या दुकानात बसतो, आणि ऐन लढाईत त्याच दुकानातून फोनवर मित्रांना शस्त्रं पुरवतो. ते पान वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी मात्र जादूच्या दगडाने त्याला बरं करण्याची सोय होते. दगड बनलाय माणसांच्या प्राणांतून, आणि तो वापरायचा तर कत्तल झालेल्या त्या समाजाचं देणं फेडायचं, अशी अट आहे. अट चांगली आहे. तरी मला खुर्चीतला दुकानदार हॅव्हॉकच जास्त आवडला.

सोंग आणि संशय

आता तुमच्या मुलांना बहुधा ठाऊक असलेली मालिका घेऊ, ‘अटॅक ऑन टायटन’. हाजिमे इसायामा यांनी ती २००९ ते २०२१ या काळात काढली, ३४ खंड. माणसं प्रचंड भिंतींच्या आड राहतात आणि बाहेर माणसं खाणारे राक्षस आहेत. ही मात्र खरोखर मोठ्या मुलांसाठीच.

यात एर्विन नावाचा सेनापती आहे. राक्षसाच्या तोंडात त्याचा उजवा हात जातो. नवा हात येत नाही. तो एका हाताने सेनापती राहतो. पुढच्या मोहिमेच्या वेळी त्याचा विश्वासू सहकारी लीवाय त्याला म्हणतो की तू इथेच थांब, आणि ऐकणार नसशील तर तुझे पायच मोडतो. काळजी आहे, प्रेम आहे, आणि ‘तू आता ओझं होशील’ हेही त्यात आहे. अपंग माणसाच्या घरात हा संवाद थोड्या सौम्य शब्दांत कायम चालू असतो. ‘तू कशाला येतेस, आम्ही आणतो ना!’ एर्विन जातोच. तो तिथे मरतो, पण जायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवलेलं असतं. शेवटी लीवाय स्वतः एक डोळा आणि दोन बोटं गमावतो आणि अखेरच्या प्रकरणात चाकाच्या खुर्चीत दिसतो. त्याला कुणी बरं करत नाही. सोबत माणसं आहेत, दिवस पुढे चाललाय.

याच कथेत मला टोचणारी गोष्टही आहे. नायक एरेन शत्रूच्या शहरात शिरतो, तो जखमी सैनिक बनून. एक पाय तोडलेला, डोळ्यावर पट्टी, हातात कुबडी. त्याचे अवयव पुन्हा उगवू शकतात, म्हणून त्याने पाय मुद्दाम तोडलाय. जखमी सैनिकांच्या इस्पितळात तो बसून राहतो, एका भल्या मुलाचा विश्वास मिळवतो, आणि वेळ आल्यावर पाय परत उगवतो. युद्धातून आलेल्या लंगड्या माणसाकडे कुणी नीट बघत नाही, याचाच तो फायदा घेतो. लेखकाचं हे निरीक्षण अचूक आहे.

पण सोंग घेणारा अपंग ही कल्पना खऱ्या अपंगांना महागात पडते. एकदा रेल्वेच्या दिव्यांग डब्यात एका प्रवाशाने मला विचारलं, ‘चांगल्या धडधाकट दिसता, इथे कशाला बसलात?’ मी ओळखपत्र काढलं. त्याचं समाधान झालं नाही. शेवटी भर डब्यात सलवार वर करून पाय दाखवला, तेव्हा तो गप्प झाला. बाकीचे खिडकीबाहेर बघू लागले.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि त्यातले कितीतरी बघून कळतच नाहीत. प्रत्येकाने काय काय वर करून दाखवायचं?

ज्याचा हात खरंच गेला

आराकावा आणि इसायामा यांच्या आधीच्या पिढीत शिगेरू मिझुकी होते. जन्म १९२२. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैनिक म्हणून पॅसिफिकमधल्या रबौलकडे पाठवलं गेलं. तिथे हवाई हल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. परत आल्यावर उरलेल्या उजव्या हाताने त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली आणि २०१५ मध्ये ९३ व्या वर्षी ते गेले. त्यांचा सर्वांत लाडका नायक म्हणजे भुताखेतांमध्ये वावरणारा किटारो, एकाच डोळ्याचा मुलगा.

१९७३ मध्ये त्यांनी आपल्या युद्धाच्या अनुभवावर चित्रकथा काढली. तिच्यात लोखंडी हात नाही. भूक आहे, आजार आहे, चिखल आहे, आणि ‘मरूनच या’ असं सांगणारे वरिष्ठ आहेत. हिंसा तिच्यातही भरपूर आहे, पण ती बघून कुणालाही सैनिक व्हावंसं वाटणार नाही. ज्याचा हात खरंच गेला, त्याला तो जाताना भारी दाखवायची गरज वाटली नाही.

म्हणून आईबाबांना माझं एवढंच सांगणं आहे, की ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा. हात तुटला त्या पानावर नाक मुरडू नका, पुढे काय झालं ते विचारा. घरात, नात्यात, शेजारी कुणी अपंग असेल तर हाच प्रश्न त्यांच्याबद्दलही आपोआप सुचू लागेल, आणि तो ‘अरेरे’पेक्षा पुष्कळ बरा.

आणि मुलांनो, तुम्ही लोखंडी हाताचं चित्र वॉलपेपर म्हणून खुशाल लावा. मीही लावलंय. फक्त त्या हाताला तेल कोण घालतं, हे बघायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून कुठल्याच मांगात सापडलेली नाही. दिवसभर फिरून संध्याकाळी घरी आल्यावर पलंगावर बसायचं, पट्टा सोडायचा, पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पंख्याचा वारा घ्यायचा. ते सुख काही वेगळंच असतं! कुठे ते पान तुमच्या वाचनात आलं, तर मला जरूर कळवा.